जॉर्जेटचा तुकडा आणि सहा खुर्च्या

हे लिहितेय तेव्हा जेवणाच्या टेबलासाठी घेतलेल्या सहापैकी एक खुर्ची माझ्यासमोर उलटी पडली आहे. चारही पायांना दोरीचा वेढा, त्या दोरीत अडकवून पिळलेली वीतभर काठी, आणि सांध्यातून बाहेर आलेला गोंद पुसल्याचे ओले डाग. उद्या संध्याकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही अशी ताकीद मिळाली आहे. परीक्षण लिहायला हीच वेळ बरी. कौतुक करता करता नजर तिकडे गेली की हात आपोआप आखडतो.

मी शिवणकाम करते. दिवसाचे सहा-सात तास मशीनसमोर बसून असते, त्यामुळे खुर्ची या विषयावर मला मतं आहेत आणि ती कुणी विचारली नाहीत तरी मी सांगते. असं असूनही जेवणाच्या टेबलाच्या आधीच्या खुर्च्या मी फोटो बघून घेतल्या होत्या. उंच सरळ पाठ, वर कोरीव जाळी, गडद चकचकीत पॉलिश. घरी येणारा प्रत्येक जण ‘वा’ म्हणायचा आणि वीस मिनिटांत उठून सोफ्यावर जाऊन बसायचा. टेबलावर गप्पा कधी रंगल्याच नाहीत. आम्हाला वाटायचं, हल्ली कुणाला वेळच नसतो.

खरं कारण टेपने सापडलं. त्या खुर्चीच्या बैठकीची उंची ४९ सें.मी. होती. माझी उंची जेमतेम पाच फूट. बसल्यावर जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोजलं तर चपलेसकट ४० सें.मी. भरतं. म्हणजे माझे पाय अधांतरी आणि मांड्यांचा सगळा भार बैठकीच्या पुढच्या कडेवर. ती कड अगदी काटकोनी. मांडीखालच्या नसा दाबल्या जायच्या, पायाला मुंग्या यायच्या. कित्येक वर्षं मी एक पाय शेजारच्या खुर्चीच्या आडपट्टीवर टेकवून जेवत होते आणि त्याला माझी खोड समजत होते.

मग गिऱ्हाइकाची घेते तशी सगळ्या घराची मापं घेतली. नवऱ्याचं ४७ भरलं, लेकीचं ४२, सासऱ्यांचं ४३. ते म्हणाले, “सूट शिवतेयस की काय?”

“नाही बाबा, खुर्ची.”

“मग शिलाई सैल ठेव. उठताना त्रास होतो.”

हे वाक्य त्यांनी गमतीत टाकलं होतं, पण सगळ्या खरेदीत कामाला आलं ते हेच.

चाळीस आणि सत्तेचाळीस यांच्यात सगळ्यांना बसेल असं एकच माप नसतं. बाजारात जेवणाच्या खुर्च्या साधारण ४३ ते ४८ सें.मी.च्या मिळतात आणि टेबल ७२ ते ७६ चं. बैठकीपासून टेबलाच्या पृष्ठभागापर्यंत २७ ते ३० सें.मी. अंतर असलं की कोपर नीट राहतं. कमी झालं तर मांड्या टेबलाखाली अडकतात, जास्त झालं तर लहान मुलासारखे खांदे वर करून जेवावं लागतं. आमचं टेबल ७४ चं. मी ४५ ठरवलं. लांब पायांचा माणूस थोड्या बुटक्या खुर्चीवर पाय पुढे पसरून निभावून नेतो. आखूड पायांच्या माणसाला उंच खुर्चीवर कसलाच इलाज नाही. उरलेल्या पाच सेंटीमीटरसाठी मला पायाखाली टेकायला एक आडपट्टी हवी होती, आणि बैठकीची पुढची कड खाली वळलेली, गोल.

बैठक पुढून मागे किती खोल, हे माप लोक विसरतात. बैठक फार खोल असली तर बुटका माणूस पाठीला टेकेपर्यंत कड गुडघ्यामागे रुतते. मग तो पुढे सरकून बसतो आणि पाठ असून नसल्यासारखी. पूर्ण मागे सरकून बसल्यावर कड आणि पिंढरी यांच्यात दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत. माझ्यासाठी ते ४१-४२ सें.मी. येतं. नवऱ्याला ४५ सुद्धा चालतं. त्याचं मत मी ऐकून घेतलं.

टेप, पेन्सिल आणि जॉर्जेटचा रुमालाएवढा तुकडा पिशवीत टाकून मी दुकानं पालथी घातली. जॉर्जेट कशाला? हाताचा तळवा आपल्याला फसवतो, विशेषतः शिवणकाम करणाऱ्याचा, कारण तो निबर झालेला असतो. पातळ जॉर्जेट फसत नाही. कापड लाकडावरून हलकेच ओढायचं. जिथे कुसळ उभं आहे, पॉलिशचा दाणा राहिलाय, सांध्याची कड बोथट केलेली नाही, तिथे ते अडकतं आणि दोरा ओढला जातो. वरची पट्टी सगळेच गुळगुळीत करतात, गिऱ्हाइकाचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. मी सुरुवात करायची ती आडपट्टी जिथे पायाला मिळते त्या कोपऱ्यापासून. तिथे पॉलिश पेपर घेऊन बोट घालावं लागतं, मशीन पोचत नाही. पहिल्या दुकानातल्या सर्वांत देखण्या खुर्चीने तिथेच माझ्या जॉर्जेटचे तीन दोरे काढले.

विक्रेता म्हणाला, “मॅडम, तिथे कोण हात लावतंय?”

मी म्हटलं, “हात नाही लावत, पाय लावतात.”

त्याने हसून विषय बदलला आणि लाकूड किती अस्सल आहे यावर आला. ‘सॉलिड वूड’ हा शब्द सध्या इतका सैल वापरला जातो की तो ऐकला की मी खाली वाकते. बैठकीच्या फळीची कड बघायची. वरच्या रेषा कडेवरून वळून फळीच्या टोकाला, जिथे लाकडाचा आडवा छेद दिसतो तिथे, त्याच क्रमाने उतरल्या पाहिजेत. वर डौलदार नक्षी आणि टोकाला वेगळ्याच पट्टीची चिकटवलेली कड असेल तर वर व्हिनियर आहे, म्हणजे लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा. व्हिनियर वाईट असतं असं नाही. गोल वळणाच्या पाठीला थरांचं लाकूड उलट जास्त मजबूत पडतं. पण मग तसं सांगावं.

आणि उलटी करून बघायची. खुर्ची उलटी करू का विचारलं की दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. वरून सारख्या दिसणाऱ्या खुर्च्या खालून वेगवेगळ्या जातीच्या निघतात. चांगल्या खुर्चीत एका लाकडाचं टोक चौकोनी सोलून दुसऱ्यातल्या खाचेत घट्ट बसवलेलं असतं. मध्यम खुर्चीत गोल लाकडी खुंट्या, म्हणजे डॉवेल. त्या नीट बसवल्या असतील तर त्याही पुष्कळ वर्षं टिकतात. आणि स्वस्तातल्या खुर्चीत नुसते स्क्रू आणि स्टेपल. बैठकीखाली चारही कोपऱ्यांत तिकोनी ठोकळे गोंद लावून आणि स्क्रूने पक्के केलेले दिसले तर बनवणाऱ्याने माणसं मागे झुलतात हे गृहीत धरलंय असं समजावं. माणूस मागे रेलला की सगळा जोर मागच्या पायाला बैठकीची पट्टी मिळते त्या एका सांध्यावर येतो. खुर्ची मोडते ती बहुधा तिथेच.

लाकडाचा स्वभावही तिथेच नडतो. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं. सांध्यात दोन लाकडं एकमेकांना आडवी भेटतात, म्हणजे एक हलतं तेव्हा दुसरं हलत नाही. दर ऋतूत गोंदाला हा ताण सोसावा लागतो. म्हणून नवी खुर्ची दुकानात घट्टच असते. ती कशी आहे ते वर्षभराने कळतं.

दुसऱ्या दुकानात मी एका खुर्चीवर वीस मिनिटं बसले. जेवायला लागतो तेवढा वेळ. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या खुर्च्या छान वाटतात. साधारण दहाव्या मिनिटाला बूड चुळबुळ करायला लागतं आणि खरं काय ते समजतं. त्या खुर्चीची बैठक खोल कोरलेली होती, मधे उंचवटा, दोन बाजूंना दोन खळगे, घोड्याच्या खोगिरासारखी. मला स्वर्ग. नवरा बसला तर त्याच्या मांड्या खळग्यांच्या कडांवर. कोरीव बैठक जितकी खोल, तितकी ती एकाच मापाच्या माणसाची. तयार कपड्यांचंही असंच असतं: अंगाबरोबर बसणारं शिवलं की ते एकालाच येतं. सहा जणांच्या टेबलाला उथळ कोरलेली बैठक बरी.

पाठीचं गणित मला लेकीने दाखवलं. तिला डिझायनर खुर्च्यांचं वेड आहे. जेवताना आपण पुढे वाकतो आणि जेवण झाल्यावर मागे रेलतो, दोन्हीला एकच पाठ पुरायला हवी. तिच्या मते बैठक आणि पाठ यांच्यात मोकळी जागा हवीच, कारण कमरेखालचा भाग मागे जायला जागा लागते. खालपर्यंत सपाट फळी असली की ती तो भाग पुढे ढकलते आणि मग कंबर टेकतच नाही. आमच्या जुन्या कोरीव जाळीचा गुन्हा नेमका हाच होता. मी वर्तमानपत्र पाठीच्या वळणावर दाबून त्याची घडी काढली आणि नवऱ्याच्या पाठीला लावून बघितली. दुकानातल्या माणसांनी काय समजायचं ते समजलं असेल.

लेकीमुळेच मला काही जुन्या खुर्च्यांची ओळख झाली. मायकेल थोनेट याची १८५९ ची १४ क्रमांकाची खुर्ची: वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. ते वाचून मला शिवणातली काटकसर आठवली, एका पन्ह्यात किती तुकडे बसवता येतील याची. डेन्मार्कच्या हान्स वेग्नर याने १९४९ मध्ये काढलेली विशबोन खुर्ची, जिच्या पाठीला इंग्रजी वाय अक्षरासारखा तुकडा असतो, तिची बैठक कागदाच्या पिळलेल्या दोरीने हाताने विणतात आणि एका बैठकीला जवळजवळ १२० मीटर दोरी लागते. आणि इटलीच्या जिओ पाँटी याची १९५७ ची सुपरलेजेरा, अॅश लाकडाची, वजन १.७ किलो. पावणेदोन किलोसुद्धा नाही! आमच्या जुन्या खुर्चीचं वजन मी काट्यावर केलं, नऊ किलो दोनशे ग्रॅम. बाबा ती ओढत नसत, टेबलच पुढे ढकलायचा प्रयत्न करत.

त्या वाय पाठीच्या खुर्चीसारखी दिसणारी एक नक्कल दुसऱ्या दुकानात होती. लांबून फसेल कुणीही. पण मूळ खुर्चीत पाठीचा वरचा कंस हाताखालीही येतो, तो वाफेवर वाकवलेला एकच अखंड तुकडा असतो, त्यामुळे लाकडाच्या रेषा वळणाबरोबर वळतात. नकलेत तो तीन तुकडे करवतीने गोल कापून जोडलेला होता. कापलेल्या वळणात रेषा मधेच तुटतात आणि अशा ठिकाणी लाकूड बिस्किटासारखं तुटू शकतं. कापड तिरकं कापून त्यावर सरळ ताण दिला की ते जसं दगा देतं, तसंच.

शेवटी घेतल्या त्या कुठल्याही प्रसिद्ध नावाच्या नाहीत. एका लहान कारखान्याच्या, त्यांच्या स्वतःच्या डिझाइनच्या. चार बिनहाताच्या, दोन हाताच्या. अॅश लाकूड, फिकट, रेषा ठळक. हे लाकूड चिवट असतं, धक्का खातं, म्हणून हत्यारांचे दांडे त्याचे करतात. विक्रेता गडद शिसमाच्या जोडीकडे पुन्हा पुन्हा नेत होता आणि ती सुंदर होतीही, पण एक उचलून पाहिली आणि बाबांचा हात आठवला. अॅशची खुर्ची ५.१ किलो. बैठक उथळ कोरलेली, पुढची कड अशी गोल उतरवलेली की ती कुठे संपते ते मांडीला कळत नाही. पाठ म्हणजे फक्त एक रुंद वळलेली पट्टी, खांद्याच्या फऱ्यांच्या जरा खाली येणारी. खाली बाजूच्या आडपट्ट्या जमिनीपासून नेमक्या अशा उंचीवर, की माझ्या टाचा तिथे टेकतात.

हाताच्या खुर्च्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे बहुतेक जण फसतात. हात असले म्हणजे उठायला मदत होते असं नाही. हात पुढच्या पायांच्या जवळपास येत असतील तरच त्यावर तळवा दाबून उठता येतं. डिझाइनच्या हट्टापायी हात अर्ध्यावरच तोडलेले असतात, ते फक्त कोपर ठेवायचे. तिसऱ्या दुकानात मी बाबांना घेऊनच गेले. ते आठ खुर्च्यांवर बसले आणि प्रत्येक वेळी फक्त उठून दाखवलं. पाच हातच्या हात बाद झाल्या. दुसरं, हात टेबलाखाली जातात का? आमच्या टेबलाच्या कडेची पट्टी ६३ सें.मी.वर आहे, या खुर्चीचे हात ६५ वर. म्हणजे जात नाहीत. पण त्या टेबलाच्या दोन टोकांना असतात, तिथे थोडं बाहेर राहिलं तर बिघडत नाही. लांबीच्या बाजूला असत्या तर रोज कुणाच्या तरी कंबरेत गेल्या असत्या. माणशी ६० सें.मी. जागा धरायची, आणि हाताच्या खुर्चीला त्याहून थोडी जास्त.

अकरा महिने झाले. बसण्याबद्दल तक्रार शून्य, हे आधी लिहून टाकते. जेवण संपल्यावरही लोक टेबलाजवळच राहतात, इतके की आता ताटं उचलायला ‘जरा बाजूला व्हा’ म्हणावं लागतं. बाबा टेबलाला न धरता उठतात. उशी लावली नाही, लागली नाही. नवरा मधूनमधून म्हणतो की बैठक एक इंच खोल चालली असती. चालली असती, त्याला.

फिनिशबद्दल मात्र माझी मतं दोन आहेत.

या खुर्च्यांना तेल आणि मेणाचं फिनिश आहे, जाड पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश नाही. मी मुद्दाम तेच घेतलं. पीयूचा थर वर बसतो, काचेसारखा. पाणी, डाग यांना तो जास्त दाद देत नाही, पण एकदा ओरखडा खोल गेला की तेवढाच भाग दुरुस्त करणं अवघड, सगळी पट्टी खरवडावी लागते. तेल लाकडात मुरतं, हाताला लाकूडच लागतं, आणि डाग पडला तर तेवढ्यावर पॉलिश पेपर फिरवून तेल चोळलं की झालं. त्या बदल्यात वर्षातून एकदा-दोनदा चोळायचं काम आपलं. ज्यांना हे काम नको त्यांनी तेलाच्या वाटेला जाऊ नये. पुसायचं आणि विसरायचं असेल तर पीयूच बरं.

दुकानातली खुर्ची माझ्या जॉर्जेटच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली होती. घरी आलेल्या सहांपैकी चारसुद्धा झाल्या. उरलेल्या दोघींच्या बैठकी दीड-दोन महिन्यांत खरखरीत व्हायला लागल्या. ओल्या फडक्याने पुसल्यावर लाकडाचे तंतू उभे राहतात, मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखे. काळजीने काम करणारा कारागीर हे आधीच घडवून आणतो: लाकूड ओलं करतो, वाळू देतो, उभे राहिलेले तंतू बारीक कागदाने घासून टाकतो आणि मगच फिनिश लावतो. या दोघींच्या वेळी कुणाला तरी घाई होती. मी ३२० नंबरच्या कागदाने, रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने घासलं आणि तेल दिलं. आता ठीक आहेत. (जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. मी ती मोकळी पसरून वाळवते, घराबाहेर.)

दुसरी चूक पायांच्या तळाची. तिथे लाकडाचा आडवा छेद उघडा असतो, म्हणजे हजारो बारीक नळ्यांची तोंडं. तिथे काहीच लावलेलं नव्हतं, नुसता फेल्टचा, म्हणजे जाड नमद्याचा, गोल तुकडा चिकटवलेला. फरशी पुसताना पाणी वर चढलं, फेल्ट सुटून सरकले आणि एका पायाच्या टोकाला काळपट रेघ आली. आता सगळ्या पायांच्या तळाला तेलाचे तीन हात दिलेत आणि चिकटवायच्या ऐवजी मधे खिळा असलेले नायलॉनचे तुकडे ठोकलेत. ठोकण्याआधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर लाकूड फाटेल.

आणि आता ही समोर पडलेली.

नवव्या महिन्यात ती कुरकुरायला लागली. डाव्या मागच्या सांध्यात अगदी बारीक फट, कागद जाईल एवढी. कारखान्याला फोटो पाठवले. उत्तरं गोड आली, माणूस तीन आठवड्यांनी आला. त्याने ड्रिल काढलं आणि बाहेरून स्क्रू मारायला निघाला. मी खुर्चीच मधून उचलली. सैल सांध्यात स्क्रू म्हणजे उसवलेल्या शिवणीवर टाचणी. लाकूड हलतच राहणार, स्क्रू भोक मोठं करत राहणार आणि एक दिवस पट्टीच फाटणार. तो म्हणाला, “आम्हाला एवढंच सांगितलंय, ताई.” त्याचा काय दोष? त्याला परत पाठवला.

मग ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी खुर्ची कानाजवळ नेऊन हलवली, डॉक्टर छाती तपासतात तशी. मग रबरी हातोडीने टकटक करत सांधा पूर्ण सोडवला आणि आतलं टोक माझ्यासमोर धरलं.

“बघा. अर्ध्यालाच गोंद लागलाय.”

खरंच होतं. टोकाच्या एका बाजूला गोंदाचा पिवळट थर, दुसऱ्या बाजूला तेलाची चमक. फिनिश जोडणीच्या आधी लावलं होतं आणि ते सांध्यात पसरलं होतं. तेलावर गोंद धरत नाही. वाळलेल्या जुन्या गोंदावरही धरत नाही, म्हणून काकांनी दोन्ही बाजू पटाशीने खरवडून कोरं लाकूड वर आणलं. एकेक तलम सालपट निघत होतं. घाई अजिबात नाही. टोक जरा सैल झालं होतं म्हणून त्यांनी त्याच लाकडाची पातळ चिपटी टोकाच्या एका बाजूला चिकटवली, घासून बसवली, मग गोंद, मग जोडणी. सांधा आवळून धरायला एवढी मोठी पकड (क्लॅम्प) त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी पायांभोवती दोरी दुहेरी गुंडाळली, मधे काठी घातली आणि पिळत गेले. प्रत्येक पिळाला फट मिटत आली आणि सांध्याच्या चारही बाजूंनी गोंदाचे बारीक मणी फुटले. “चारी बाजूंनी आला म्हणजे आत सगळीकडे पोचला,” म्हणाले. काठी आडपट्टीला अडकवली, फडकं ओलं करून मणी पुसले, दोन कर्ण टेपने मोजून खुर्ची तिरकी झाली नाही ना ते पाहिलं. टेप माझी मागितली.

तर या खुर्च्या घ्याव्यात का? बसण्यासाठी, हो, डोळे मिटून. ज्याने हे डिझाइन काढलं त्याला माणसाचं शरीर कळतं. जोडणाऱ्या हातांवर मात्र नजर ठेवावी लागेल. हमी एक वर्षाची आहे. मी असते तर, म्हणजे आता पुन्हा घेताना, पैसे देण्याआधी नमुन्याची नाही तर आपल्या घरी येणारी प्रत्येक खुर्ची उलटी करून पाहीन, आणि सांधा सुटला तर स्क्रू न मारता पुन्हा गोंद देऊन जोडून देणार का, हे लेखी घेईन.

काल रात्री सगळे झोपल्यावर उरलेल्या पाचही उलट्या केल्या आणि टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्यावरून नख फिरवलं. चार ठीक आहेत. बाबांच्या हाताच्या खुर्चीत, उजव्या मागच्या सांध्याला, केसासारखी एक रेघ आहे. काकांना सकाळी फोन केला: उद्या दोरी सोडलीत की घेऊन जाऊ नका, इथेच राहू द्या.